सोपा हात

मंचरला महामार्गाच्या कडेला, बारदानाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं कॉलेज भरायचं. खाली कांद्याच्या रिकाम्या पिशव्यांचे गठ्ठे, वर आम्ही मुली. जिन्यात तागाचा वास कोंडलेला असायचा आणि आमच्या पांढऱ्या एप्रनला तो घरापर्यंत चिकटून यायचा. बाहेरच्या बोर्डावर लांबलचक इंग्रजी नाव होतं. आम्ही कुणी विचारलं तर 'नर्सिंगला जाते' एवढंच सांगायचो. रुग्णाचं अंथरूण बदलणं, ताप-नाडी बघणं, बीपी घेणं, जखम बांधणं, इंजेक्शन देणं असा एका वर्षाचा तो कोर्स होता. तो झाला की एखाद्या खाजगी दवाखान्यात काम मिळायचं. उन्हातून सावलीत जायचा आमच्याकडच्या मुलींना माहीत असलेला हा सगळ्यात जवळचा रस्ता.

तिथं नावानं कुणी कुणाला हाक मारत नसे. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्या दिवशी गावं विचारली आणि तीच आम्हाला चिकटली. मी लोणीची. माझ्या शेजारी बसायची ती येडगावची.

येडगावची धरणाच्या काठावरची होती. तिच्या घरात पूर्वी सगळेच मेंढरं राखायचे. आता फक्त एक चुलता कळप घेऊन हिंडतो, बाकीचे शेती करतात. ती येडगावहून नारायणगाव आणि तिथून एसटीनं मंचर असं रोज यायची, आणि तरी आमच्या सगळ्यांच्या आधी जिन्यात बसलेली असायची. सकाळी तिचे डोळे जरा सुजलेले दिसत.

"काय गं, रडलीस का?" असं विचारलं की म्हणायची, "रडते कशाला? झोप जास्ती झाली. आमच्या घरात झोपायची कुणाला बंदी न्हाई."

डोकंही दुखायचं तिचं. त्याला एसटीचं कारण होतं. आमच्या भागात प्रत्येक दुखण्याला घरातलंच एखादं कारण असतं, आणि ते सापडलं की माणसं समाधानी होतात.

तिला नर्स व्हायचं होतं, आणि ते आमच्यासारखं 'बघू, झालं तर' असं नव्हतं. नारायणगावातल्या एका दवाखान्याबाहेर एसटीची वाट बघताना तिनं आतली सिस्टर पाहिली होती. एका म्हाताऱ्या माणसाला ती सिस्टर 'गप बसा' म्हणाली आणि तो गप बसला. "बाईनं गप बस म्हटल्यावर गप बसलेला माणूस मी पयल्यांदा बघितला," ती सांगायची. "तवाच ठरवलं. हेच काम."

माझं तसं नव्हतं. मी पत्रकांत वाढलेली. माझे वडील शेती सांभाळून पत्रकं काढायचे. अंगात येण्याचं ढोंग, दुधाच्या मापातली लबाडी, पाण्याच्या चुकवलेल्या पाळ्या, काहीही असो, आठ दिवसांत त्यावर एक पान छापून यायचं आणि लोणीच्या बाजारात मी ते वाटत फिरायची. उरलेल्या पत्रकांची आमच्या वह्यांना कव्हरं लागायची. 'कमळ' आणि 'बदक' वाचण्याआधी मी 'जागे व्हा' वाचायला शिकले. अन्याय दिसला की त्याला मथळा द्यायचा, ही सवय मला तेव्हापासूनची.

कॉलेजात मथळे देण्यासारखं पुष्कळ होतं. सगळ्यात मोठं म्हणजे बीपीचं मशीन. सगळ्या वर्गात मिळून ते एकच होतं, पाऱ्याचं, जुनं. त्याचा रबरी फुगा गळका होता. हवा भरताना फुस्स आवाज यायचा आणि पारा चढण्याआधीच घसरायला लागायचा. त्यात आमच्या खिडकीखालून अख्खा महामार्ग जायचा. बीपी घेताना दंडाला पट्टा बांधून, हवा भरून, हळूहळू सोडायची असते. स्टेथोस्कोपमध्ये टक-टक ऐकू यायला लागते तो वरचा आकडा आणि आवाज थांबतो तो खालचा. पण ऐकू आलं तर ना.

"आला का आवाज?" मॅडम विचारायच्या.

"आला मॅडम. ट्रकचा."

सगळा वर्ग हसायचा. मॅडमही हसायच्या. त्या आमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या होत्या आणि त्यांनाही तिथं दुसरं काही मिळत नव्हतं.

आम्ही एकमेकींच्याच हातांवर शिकायचो. कुणाचा दंड बारीक, कुणाचा जाड, कुणाचा आवाज लागतच नाही. अशात एके दिवशी एक मुलगी येडगावचीच्या डाव्या दंडाला पट्टा बांधून ओरडली, "आला! आला गं! ढोलासारखा वाजतोय!"

मग सगळ्याजणी तिच्यापुढं उभ्या राहिल्या. माझ्याही कानात तो आवाज पहिल्यांदा आला तो तिच्याच दंडातून. खाली टेम्पो, कांद्याचे ट्रक, हॉर्न, आणि त्या सगळ्यातून एखाद्यानं दार ठोठावावं तसं ठक, ठक, ठक. मला अगदी गहिवरून आलं. आपल्याला येतंय असं वाटलं.

त्या दिवसापासून वर्गात 'सोपा हात' म्हणजे येडगावचीचा हात. कुणाला आवाज लागला नाही की मॅडम म्हणायच्या, "आधी सोप्या हातावर घे, कान तयार कर, मग दुसरीचा बघ." आणि ती बाही वर सरकवून टेबलावर हात पसरायची.

"या पावणं, या. दर्शनाची रांग हाय. चपला बाहेर काढा. आन् पट्टा लई आवळू नका राव, हात माझा हाय, बैलाचा न्हाई."

आमच्या सगळ्या वर्गाचे कान तिच्या दंडावर तयार झाले.

आकडा मात्र भलताच यायचा. एकशे सत्तर, एकशे ऐंशी. पहिल्यांदा आम्ही मॅडमना दाखवला तेव्हा त्यांनी स्वतः घेऊन पाहिला, पुन्हा पाहिला आणि फुगा हातात दाबून म्हणाल्या, "मशीनच गेलंय हे. हवा गळते बघ. लिहा एकशे वीस बाय ऐंशी."

गळक्या फुग्यानं आकडा वाढत नाही. हे मला आता माहीत आहे. तेव्हा आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, कारण ज्यांनी शिकवायचं त्यांनाही कुणी नीट शिकवलं नव्हतं. आणि बीपी हा आमच्या लेखी पन्नाशीनंतरचा, गोळ्यांच्या डबीतला आजार. धरणाच्या काठावरून रोज उड्या मारत येणाऱ्या, विशीतल्या पोरीला तो असेल हे कुणाच्या मनात यावं? मशीन खोटं असणं जास्त खरं वाटलं. ते खोटं होतंच ना. फुगा आमच्या डोळ्यांसमोर गळत होता.

मी पत्रक काढलं. वडिलांच्या ओळखीच्या छापखान्यात एका पानावर छापून घेतलं. मथळा होता, 'गळक्या मशीनवर शिकलेल्या नर्सच्या हाती तुम्ही तुमची आई द्याल का?' खाली खोली, आवाज, मशीन, सगळं आलं होतं. आणि पुरावा म्हणून एक ओळ होती. 'विशीतल्या धडधाकट मुलीचं बीपी एकशे ऐंशी दाखवणारं हे यंत्र आहे.'

येडगावचीनं ती ओळ जिन्यात बसून मोठ्यानं वाचली. "ही धडधाकट मुलगी म्हंजी मीच ना? लई भारी वाटतंय राव. आजपस्तोर आमाला असं छापून कोण म्हटलं न्हाई."

भिंतीवर चिकटवायला खळ तिनंच आणली होती. घरून डब्यात, कणकेची, शिजवून. तिनंच ती बोटांनी पत्रकाच्या मागं फासली आणि तळहातानं पत्रक जिन्याच्या भिंतीवर दाबून बसवलं.

कॉलेज चालवणाऱ्या सरांनी माझ्या वडिलांना फोन केला. "तुमची मुलगी संस्थेची बदनामी करते आहे."

वडील म्हणाले, "मजकुरात खोटं काय आहे तेवढं सांगा, ती दुरुस्ती छापेल."

सरांना खोटं काही सापडलं नाही. चार दिवस ते आमच्याकडं न बघता जिना चढले आणि पाचव्या दिवशी एक खोकं टेबलावर आदळून गेले. आत नवं मशीन होतं. घड्याळासारखी तबकडी असलेलं, काळाकरकरीत पट्टा, घट्ट फुगा. वर्गानं टाळ्या वाजवल्या. माझ्या आयुष्यातला तो पहिला विजय, आणि मी त्याचा आनंद फार तर दहा मिनिटं घेतला.

कारण नवं मशीन आधी कुणाच्या हाताला बांधायचं यावर वादच नव्हता.

"मान माझा हाय," म्हणत येडगावचीनं हात पसरला. मी पट्टा बांधला. फुगा दाबला तशी सुई सरसर वर गेली, जराही हवा गळली नाही. मी हवा सोडायला सुरुवात केली आणि तोच आवाज आला. ठक, ठक, ठक. सुई जेमतेम एकशे नव्वदच्या खाली आलेली होती.

"किती?" मॅडमनी विचारलं.

मी पुन्हा हवा भरायला घेतली. मॅडमनी माझ्या कानांतून स्टेथो काढून घेतला. त्यांनी डाव्या हाताचं घेतलं, मग उजव्या हाताचं घेतलं. मग त्यांनी दुसऱ्या एका मुलीला बोलावून तिचं घेतलं. ते एकशे दहा आलं. मशीन चांगलं होतं.

खालून ट्रक जात होते. येडगावची आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होती. मग तिनं खाली वाकून स्वतःच्या पायावर, घोट्याच्या वर, अंगठा दाबला. दोनच आठवड्यांपूर्वी सुजेच्या पाठात आम्ही ते शिकलो होतो. अंगठा काढला तिथं खळगा पडून राहिला.

"आता हे पण लिवा," ती म्हणाली.

मॅडम तिला तशाच घेऊन जवळच्या डॉक्टरांकडं गेल्या. तिथून रक्त तपासायला, तिथून सोनोग्राफीला, तिथून पुण्याला. दोन्ही मूत्रपिंडं आक्रसून गेलेली होती. बीपी, डोकेदुखी, सकाळचे सुजलेले डोळे, सगळं त्यातलंच. केव्हापासून ते कुणाला सांगता येईना. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी कुणी बीपी बघितलं नव्हतं का हिचं?"

हे तिच्या आईनंच मला सांगितलं. डॉक्टरांना काय उत्तर दिलं, असं मी विचारलं.

"म्हटलं, बघितलं की. रोज बघत व्हत्या पोरी. कालिजात तेच तर शिकवत्यात."

आधी तिच्या मानेत नळी घातली. मग डाव्या हातात ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या जोडल्या. डायलिसिससाठी तसा हात तयार करावा लागतो, त्या जोडाला फिस्टुला म्हणतात. मंचरला डायलिसिसची सोय होती. ती कॉलेजला ज्या एसटीनं यायची त्याच एसटीनं आईला घेऊन यायची आणि आमच्या जिन्याच्या अलीकडंच वळायची. मी दुपारच्या सुट्टीत तिच्याकडं जायची. ती पुस्तक मांडीवर घेऊन खुर्चीत पडलेली असायची. पाणी मोजून प्यायचं असल्यामुळं ओठ सुकलेले.

"आज काय शिकवलं?"

"बेडसोअर."

"सांग."

मी सांगायची. सुटलेला एकही पाठ तिनं सोडला नाही. डाव्या हातावर माझी बोटं ठेवून म्हणायची, "बघ, मांजर घुरघुरतंय आत." खरंच, कातडीखाली घरघर जाणवायची. "ह्या हातावर आता बीपी घ्यायचं न्हाई, सुई मारायची न्हाई, वजन उचलायचं न्हाई. तुमचा सोपा हात रिटायर झाला."

परीक्षा जवळ आली तेव्हा सरांनी तिच्या आईला बोलावून सांगितलं की हजेरी भरत नाही, यंदा बसता येणार नाही. वर असंही म्हणाले, "अन् बाई, आजारी माणसानं आजाऱ्याची सेवा कशी करायची? तुम्हीच सांगा."

मी पेटले. रात्र न् दिवस एकच विषय. जिनं आपल्या दंडावर अख्खा वर्ग शिकवला तिलाच परीक्षेबाहेर ठेवणार? मी पत्रक लिहिलं. आजही सांगते, त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मथळा होता, 'शिक्षणाच्या बाजाराचा बळी'. छापण्याआधी तिला वाचायला नेलं.

तिनं उजव्या हातात धरून सावकाश वाचलं. आई शेजारी स्टुलावर बसली होती.

"चांगलं लिवलंय," ती म्हणाली. "पर हे काढू नगं."

"का? नाव नाही घातलं मी तुझं."

"नाव कशाला पायजे? येडगाव ते नारायणगाव सगळ्यांना कळंल. आन् मग मला दवाखान्यात कोण घेईल कामाला? बळी म्हटल्यावर मला चुलत्याचं बकरंच दिसतंय डोळ्यापुढं. मी काय बळी न्हाई. मी परीक्षेला बसणारी मुलगी हाय."

"बसू देत नाहीत म्हणून तर..."

"तुला भांडायचंय. मला पास व्हायचंय." तिनं कागदाची घडी घातली. "ह्या दोन येगळ्या गोष्टी हायेत, लोणीवाले."

आई म्हणाली, "अगं तिच्यावर कशाला चिडती? तुझ्यासाठीच करती ती."

"चिडत न्हाई. सांगती."

ते पत्रक छापलं गेलं नाही. घडी घातलेला कागद तिनं पुस्तकात खूण म्हणून ठेवला.

आमच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेला आपापला पेशंट घरून आणायची पद्धत होती. जवळ दवाखाना जोडलेला नाही, म्हणून ही सोय. कुणी आजीला आणायची, कुणी चुलत्याला. पोहे-चहा मिळायचा म्हणून पेशंटही खुशीत यायचे. मी वडिलांना नेणार होते. आदल्या आठवड्यात येडगावची म्हणाली, "तुझा पेशंट मी."

"वेडी आहेस का?"

"मला त्या खोलीत जायचंय. सर त्या दारानं सोडत न्हाईत, तर मी ह्या दारानं येते. पेशंटची हजेरी लागत न्हाई ना?"

परीक्षेच्या दिवशी ती आली. कॉलेजचा पांढरा ड्रेस घातलेला, इस्त्री केलेला, फक्त वरचा एप्रन नव्हता. ती फार बारीक झाली होती आणि रंग काळवंडला होता. जिना चढताना मधे दोनदा थांबली. ज्या ठिकाणी थांबली तिथं भिंतीवर आमच्या पहिल्या पत्रकाचा एक कोपरा अजून चिकटून होता. खळ पक्की होती. सर दारातच उभे होते. त्यांनी तिला ओळखलं, पण पेशंटला अडवायचं कसं, म्हणून बाजूला झाले.

परीक्षक बाई बाहेरून आलेल्या होत्या, त्यांना काही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "बीपी घ्या."

मी सवयीनं तिच्या डाव्या हाताकडं गेले. तिनं तो हळूच मागं घेतला आणि पुटपुटली, "तो न्हाई." मी उजव्या दंडाला पट्टा बांधला. दंड निम्मा राहिला होता, पट्टा एक वेढा जास्त बसला. खाली ट्रक होतेच. पण तिचा आवाज तसाच होता. ठक, ठक, ठक.

मी मान वर केली तर परीक्षक बाईंच्या मागं मॅडम उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरलेले होते आणि त्या मला खुणावत होत्या. नेहमीचं सांग. एकशे वीस बाय ऐंशी. प्रश्न वाढणार नाहीत.

"एकशे शहात्तर बाय एकशे आठ," मी म्हणाले.

परीक्षक बाईंनी चष्मा काढला. "आणि तुम्ही डावा हात का सोडलात?"

मी पट्टा सोडवत होते. उत्तर मला येत होतं. पण माझ्याआधी खुर्चीतून आवाज आला, स्वच्छ, पाठ म्हटल्यासारखा.

"डाव्या हाताला फिस्टुला आहे. त्या हाताचं बीपी घेत नाहीत. सुई टोचत नाहीत. रोज बोटांनी घरघर तपासायची. घरघर थांबली तर लगेच दवाखान्यात कळवायचं. पेशंटचं रोज वजन बघायचं. मीठ आणि पाणी मोजून द्यायचं."

तिनं एकही शब्द गावचा वापरला नाही. पुस्तकातलं, जसंच्या तसं.

परीक्षक बाई हसल्या. मनापासून हसल्या, वाईट हेतू नव्हता. "अहो, तुमची पेशंटच पास झाली की!"

"मग मांडा ना मॅडम मार्क," येडगावची म्हणाली. तीही हसत होती. "कुठं मांडता?"

"पेशंटला मार्क नसतात बाळ," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडं वळल्या.

ती उठली. दाराशी वळून तिनं खोलीकडं एकदा बघितलं, टेबल, नवं मशीन, खिडकी, सगळं. जिना उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "झाली बाई परीक्षा."

आमचा निकाल लागायच्या आत ती गेली. डायलिसिसच्या आदल्या दिवशी, सकाळी, दम लागून. येडगावला मी आणि मॅडम गेलो होतो. तिच्या आईनं तिचं पुस्तक मला दिलं. 'शिक्षणाच्या बाजाराचा बळी' त्यात होतं, शेवटच्या पाठावर. मी ते आजवर छापलेलं नाही. आता हे लिहिते आहे त्यातही 'बळी' हा शब्द मी त्या कागदापुरताच ठेवला आहे. तिनं नको म्हटलं होतं.

मी मंचरच्या एका दवाखान्यात काम करते. आमच्याच कॉलेजातल्या मुली आता तिथं शिकायला येतात. वडिलांनी आणि मी भांडून भांडून तेवढं करून घेतलं.

परवा एक मुलगी एका तरुणाचं बीपी घेत होती. तो बोट कापलं म्हणून आला होता, टाके घालायचे होते. तिनं पट्टा बांधला, हवा सोडली आणि एकदम खुलली.

"सिस्टर, ह्यांचा हात किती सोपा आहे! पहिल्यांदाच एवढं स्पष्ट ऐकू आलं."

मी हातातला ट्रे खाली ठेवला. "आकडा?"

"जास्त आलाय. पण बोट कापल्यामुळं घाबरले असतील ना ते?"

मी त्या तरुणासमोर स्टूल ओढून बसले. "दादा, सकाळी उठल्यावर डोळे सुजतात का?"

तो हसला. "सुजत्यात की. झोप जास्ती झाली की सुजणारच."

मी त्याची दुसरी बाही वर सरकवली आणि पट्टा त्या हाताला बांधायला घेतला.